सुट्टी मुलांची, हिशोब घराचा : ठाणे, कल्याण, डोंबिवलीत परवडणारी उन्हाळी शिबिरे कशी शोधाल?

भीमजयंतीचा मांडव उतरतो, शाळेच्या परीक्षा संपतात आणि मे महिना लागतो. जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवडे, मुले घरी असतात. ज्यांचे गाव अजून हाताशी आहे ते मुलांना आजीआजोबांकडे पाठवतात. पण वागळे इस्टेट, कळवा, कोळसेवाडी, वालधुनी, मोहने किंवा शेलार नाका इथल्या आपल्या अनेक घरांत आता गावाकडे मुले सांभाळणारे कोणी उरलेले नाही. आई सकाळची लोकल पकडते, वडिलांची पाळी असते. मागे राहतात दहा बाय बाराची खोली, तापलेला पत्रा आणि एक मोबाइल.

याच दिवसांत स्टेशनबाहेर, रिक्षांच्या पाठीवर, सोसायट्यांच्या फाटकांवर 'समर कॅम्प'चे फलक लागतात. रोबोटिक्स, घोडेस्वारी, व्यक्तिमत्त्व विकास, इंग्रजी संभाषण. फलकावरचा आकडा पाहून आपले पालक पुढे चालू लागतात आणि 'हे आपल्यासाठी नाही' असे स्वतःला समजावतात. आमचे म्हणणे असे की शिबिर आपल्या मुलांसाठीही आहे. फक्त ते कुठे शोधायचे, कोणते प्रश्न विचारायचे आणि मिळाले नाही तर वस्तीत कसे उभारायचे, हे नीट माहीत हवे. हा लेख त्यासाठी आहे. तरुण कार्यकर्त्यांनी तो पालकांना वाचून दाखवावा, ही विनंती.

फी म्हणजे पूर्ण खर्च नव्हे

पहिली चूक हिशोबात होते. आपण फक्त फी विचारतो. एक उदाहरण मांडू. समजा घरापासून लांबच्या एका शिबिराची फी १,५०० रुपये आहे. दहा दिवस, रोज दोन तास. शेअर रिक्षाचे माणशी १५ रुपये धरा. मूल लहान असेल तर आई किंवा आजी सोडायला आणि आणायला जाणार. म्हणजे मोठ्या माणसाच्या चार फेऱ्या आणि मुलाच्या दोन, एकूण सहा. दिवसाला ९० रुपये, दहा दिवसांत ९००. टी-शर्ट आणि साहित्याचे वेगळे ३०० मागितले, रोजच्या खाऊला ३० रुपये धरले तर आणखी ३००. बेरीज झाली ३,००० रुपये. फीच्या बरोबर दुप्पट! वीस तासांच्या शिबिरासाठी तासाला १५० रुपये पडले.

म्हणून नाव नोंदवण्याआधी कागदावर पाच ओळी लिहा : फी, येण्याजाण्याचा खर्च, साहित्य आणि गणवेश, खाणे, आणि सोडायला-आणायला जाणाऱ्याचा बुडालेला रोज. शेवटची ओळ आपण कधीच धरत नाही. घरकाम किंवा रोजंदारी करणाऱ्या आईचा अर्धा दिवस जात असेल तर 'मोफत' शिबिरही महाग पडते. उलट वस्तीपासून चालत जाता येईल असे, चार मुलांना आळीपाळीने एकच पालक सोडू शकेल असे शिबिर थोड्या जास्त फीतही स्वस्त ठरते.

फीबद्दल बोलताना संकोच नको. सवलत आहे का, भावंडांना कमी फी आहे का, दोन हप्त्यांत देता येईल का, हे विचारा. अनेक संस्था काही जागा सवलतीत देतात, पण त्याची जाहिरात करत नाहीत. आणि मध्येच शिबिर सोडावे लागले तर पैसे परत मिळतात का, तेही विचारून पावती घ्या.

आधी जवळच्या सार्वजनिक जागा पाहा

आपल्या शहरांत जनतेच्या पैशातून किंवा लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या जागा आहेत. त्या आपल्याही आहेत.

ग्रंथालये : कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ साली सुरू झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा जुन्या ग्रंथालयांत मुलांची पुस्तके असतात आणि सुट्टीत बालवाचकांसाठी उपक्रमही होतात. एप्रिलमध्येच चौकशी करा. वर्गणी शिबिराच्या फीच्या तुलनेत फारच कमी असते. दुपारी दोन तास पंख्याखाली बसून पुस्तक वाचायची सवय लागली तर ती सुट्टीनंतरही टिकते. जवळच्या वस्तीतल्या पाच-सहा मुलांना एक मोठी ताई किंवा दादा घेऊन गेला, तर पालकांनाही काळजी नाही.

मैदाने आणि तरणतलाव : ठाण्यात महापालिकेचा मारोतराव शिंदे तरणतलाव आहे, डोंबिवलीत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल आहे. महापालिकेच्या सुविधांचे दर खासगी क्लबपेक्षा कमी असतात, पण उन्हाळ्याच्या तुकड्या लवकर भरतात आणि कधी दुरुस्तीसाठी तलाव बंदही असतो. म्हणून प्रत्यक्ष जाऊन वेळापत्रक, वयाची अट आणि लागणारी कागदपत्रे लिहून आणा. आपल्या मुलांपैकी, विशेषतः मुलींपैकी, किती जणांना पोहता येते, याचा विचार करा. पोहणे ही चैन नव्हे. खाडी आणि नदीकाठच्या शहरांत ते जीव वाचवणारे कौशल्य आहे.

निसर्ग : घोडबंदर रस्त्यावरची ओवळेकर वाडी फुलपाखरांसाठी प्रसिद्ध आहे. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच भाग आहे. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत त्याची नोंद झाली. आपल्या घरापासून काही किलोमीटरवर जगाने दखल घेतलेली जागा आहे, हे मुलांना कळायला हवे.

समतेचा विचार मानणाऱ्या संघटना

सगळी शिबिरे धंदा म्हणून चालत नाहीत. १९४१ मध्ये स्थापन झालेले राष्ट्र सेवा दल सुट्टीत मुलांची आणि युवकांची शिबिरे घेते. गाणी, खेळ, श्रमदान, चर्चा असे त्यांचे स्वरूप असते. ठाण्यातली समता विचार प्रसारक संस्था वस्तीतल्या मुलांसोबत काम करते. नाटककार रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने तिच्या सोबतीने 'वंचितांचा रंगमंच' उभा राहिला आणि झोपडवस्तीतली मुले स्वतःच्या जगण्यावरची नाटके स्वतः बसवू लागली. मोठ्या फीची अभिनय कार्यशाळा न करताही मूल रंगमंचावर उभे राहू शकते, हे त्यातून ठाण्याने पाहिले. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कारांमागचे विज्ञान मुलांना करून दाखवतात. अशा संघटनांची स्थानिक शाखा शोधा. स्वतंत्र शिबिर नसले तरी एक दिवस आपल्या वस्तीत या, असे निमंत्रण देता येते.

धम्माची शिबिरे : काय पाहून पाठवायचे

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेच्या शाखा बालसंस्कार शिबिरे आणि श्रामणेर शिबिरे घेतात. विहार समित्याही आपापल्या पातळीवर घेतात. बहुधा ती मोफत किंवा अल्प देणगीवर असतात.

विपश्यनेच्या परंपरेत आठ वर्षांपुढच्या मुलांसाठी आनापानसतीची छोटी शिबिरे असतात. त्यांना फी नसते, आधी शिबिर केलेल्या साधकांच्या दानावर ती चालतात. गोराईचा ग्लोबल विपश्यना पॅगोडा आणि इतर केंद्रांच्या वेळापत्रकात मुलांच्या तारखा आधी पाहून नोंदणी करावी लागते.

श्रामणेर शिबिर साधारण दहा दिवसांचे असते. मुंडण, चीवर, दहा शील आणि दुपारी बारानंतर भोजन नाही, अशी त्याची शिस्त असते. मूल खूप लहान असेल, त्याची तब्येत नाजूक असेल, तर ऐन मे महिन्यात ही शिस्त झेपेल का, हे भंतेजींशी आणि डॉक्टरांशी बोलून ठरवा. 'शेजारच्याचा गेला म्हणून आमचाही' असे करू नका. मुलाची इच्छा विचारा. पालकांच्या परवानगीचा नियम तर खुद्द विनयात आहे. राहुलला प्रव्रज्या दिल्यावर शुद्धोदनांनी आपले दुःख बुद्धांना सांगितले आणि त्यानंतर आईवडिलांच्या अनुमतीशिवाय मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. आज एखादे शिबिर लेखी संमतिपत्र घेत नसेल तर हा प्रसंग आयोजकांना आठवण करून द्यावा.

शिकवण्याची पद्धतही पाहा. लहानग्या राहुलला खोटे बोलण्याबद्दल समजावताना बुद्धांनी लांबलचक प्रवचन दिले नाही. पाय धुण्याच्या भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवले, ते ओतून दिले, भांडे उपडे केले आणि प्रत्येक वेळी राहुललाच विचारले की तुला काय दिसते? अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा कृतीतून दिलेला धडा आहे. म्हणून ज्या धम्म शिबिरात मुले तीन-तीन तास मांडी घालून फक्त भाषणे ऐकतात, तिथे आयोजकांशी आपुलकीने बोला. भाषणाने मुले धम्माजवळ येत नाहीत, कंटाळून दूर जातात.

कोणत्याही शिबिराला विचारायचे प्रश्न

हे प्रश्न महागड्या शिबिराला विचारा आणि आपल्या विहारातल्या शिबिरालाही विचारा.

१. दिवसाचे वेळापत्रक लेखी आहे का? 'संस्कार' या नावाखाली नेमके काय शिकवले जाणार? बावीस प्रतिज्ञा मानणाऱ्या घरातल्या मुलाला पूजाविधी करायला लावणार असतील, तर ते आधी कळले पाहिजे. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत पालकाच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सामील करता येत नाही, असे संविधानाचे कलम २८ सांगते. हाच न्याय आपल्यालाही लागू आहे. आपल्या शिबिरात शेजारचे हिंदू, मुस्लिम मूल आले तर त्याला वंदनेची सक्ती करू नये.

२. मुलांसोबत कोण असणार? किती मुलांमागे किती मोठी माणसे? स्त्री कार्यकर्त्या आहेत का? निवासी शिबिरात मुला-मुलींची झोपण्याची आणि स्वच्छतागृहांची सोय वेगळी आहे का? कोणत्याही मोठ्या माणसाने मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये, हा नियम तिथे आहे का?

३. काही चुकीचे घडले तर मूल कोणाला सांगेल? बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे. अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने पोलिसांना कळवणे त्यात बंधनकारक आहे. 'संघटनेची बदनामी होईल' म्हणून प्रकरण मिटवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ करून द्या.

४. उन्हाचे काय? एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसे दगावली, ते आपण विसरलेलो नाही. मैदानी खेळ सकाळी नऊच्या आत संपतात का, पिण्याचे पाणी, सावली, ओआरएस आणि प्रथमोपचार पेटी आहे का, जवळचा दवाखाना कोणता, हे विचारा.

५. अपंग मूल, मंद गतीने शिकणारे मूल, पाळी सुरू झालेली मुलगी यांच्यासाठी काय सोय आहे? उत्तर 'बघू' असे आले तर समजून घ्या.

मिळाले नाही तर वस्तीतच करा

आता कार्यकर्त्यांशी थेट बोलतो. विहार किंवा समाजमंदिर दुपारी बंद असते. जयंतीची समिती अजून विसर्जित झालेली नसते. वस्तीत बारावी झालेली, महाविद्यालयात शिकणारी मुले-मुली सुट्टीवर असतात. शिबिरासाठी याहून जास्त काय लागते? थोडे पैसे. तो हिशोबही करून पाहू.

चाळीस मुले, दहा दिवस, सकाळी साडेसात ते साडेदहा. नाश्त्याला मुलामागे २० रुपये धरले तर ८,००० रुपये. वह्या, रंग, कागद, चेंडू, दोऱ्या असे साहित्य मुलामागे १००, म्हणजे ४,०००. एका सहलीचे मुलामागे १००, म्हणजे ४,०००. बाहेरून येणाऱ्या मार्गदर्शकांचा प्रवासखर्च रोज २५० प्रमाणे २,५००. पाणी, ओआरएस आणि प्रथमोपचार १,५००. एकूण २०,००० रुपये. एका मुलाचे ५०० रुपये, दिवसाला ५०.

ज्यांना जमते अशा २५ घरांनी ३०० रुपये दिले तर ७,५०० जमतात. उरलेल्या १५ मुलांकडून काहीच घेऊ नका, आणि कोणी दिले व कोणी दिले नाही हे मुलांना कळू देऊ नका. राहिले १२,५००. मिरवणुकीच्या एका रात्रीच्या डीजेवर काय खर्च होतो, तो आकडा समितीच्या वहीत पाहा आणि शेजारी हा आकडा ठेवा. जयंती दणक्यात व्हावी, याला आमचा विरोध नाही. पण ताळेबंदात मुलांची एक ओळ असावी, एवढेच मागणे आहे.

दहा दिवसांचा आराखडाही फार अवघड नाही. रोज सुरुवातीला दहा मिनिटे शांत बसून श्वासाकडे लक्ष. मग मैदानी खेळ. नाश्ता. त्यानंतर एक दिवस विज्ञानाचे प्रयोग, एक दिवस चित्रकला, एक दिवस नाटुकले, एक दिवस बुद्धिबळ, एक दिवस संविधानाची ओळख. दोन दिवस धम्मलिपी ठेवा. अशोकाच्या काळातल्या अक्षरांत स्वतःचे नाव लिहिता आले की मुले हरखून जातात. मग याच अक्षरांसाठी सहल काढा.

सहलीला कान्हेरीला जाता येते. तिथे शंभरावर लेणी आहेत, आणि तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या दानकर्त्यांची नोंद आहे. आपल्या कल्याणचे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खुसंघाला दान देत होते, हे मुलांना दगडावरच दाखवता येते. पुरातत्त्व खात्याच्या तिकिटात १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. राष्ट्रीय उद्यानाचे शुल्क मात्र वेगळे लागते. दुसरा पर्याय नालासोपाऱ्याचा स्तूप. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले, आणि सोपाऱ्यातच अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. आणखी जवळ जायचे तर भिवंडी तालुक्यातले लोनाडचे लेणे आहे. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वयाला अर्धे तिकीट असते. गर्दीची वेळ टाळा, प्रत्येक पाच मुलांमागे एक मोठा माणूस ठेवा आणि मुलांच्या खिशात पालकांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला.

तारखाही आपल्याच दिनदर्शिकेत आहेत. वैशाख पौर्णिमा सहसा मे महिन्यात येते आणि २७ मे हा माता रमाईंचा स्मृतिदिन. त्या दिवशी समारोप ठेवला, मुलांनी केलेली चित्रे विहारात लावली आणि नाटुकले वस्तीसमोर झाले, तर पुढच्या वर्षी पालक स्वतःहून विचारत येतील.

हे काम नवे नाही

शिबिर, खेळ, वाचनालय या 'वेळ घालवायच्या' गोष्टी आहेत, खरी चळवळ वेगळी, असे म्हणणारे भेटतात. त्यांना बहिष्कृत हितकारिणी सभेची आठवण द्यावी. बाबासाहेबांनी जुलै १९२४ मध्ये ही सभा स्थापन केली. तिने १९२५ मध्ये सोलापूरला विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. त्याच सभेने मुंबईत मोफत वाचनालय चालवले आणि तरुणांना दारू-जुगारापासून दूर ठेवण्यासाठी महार हॉकी क्लबही चालवला. महाडचा सत्याग्रह व्हायचा होता, तेव्हाच वाचनालय आणि हॉकीची काठी चळवळीच्या कामात आलेली होती. आपल्या मुलांची दुपार कशी जाते, हा प्रश्न बाबासाहेबांच्या कार्यक्रमपत्रिकेवर होता.

महापालिकेलाही विचारा

सगळा भार वस्तीनेच का उचलायचा? महापालिकांनी अर्थसंकल्पातला पाच टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवायचा असतो. आपल्या प्रभागात त्यातून मुलांसाठी काय झाले, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाहीत, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अर्ज जानेवारीत केला तर उत्तर शिबिराच्या तयारीआधी हातात येईल. अर्जात तीन गोष्टी विचारा : मागच्या वर्षी या निधीतून मुलांच्या सुट्टीतल्या उपक्रमांवर किती खर्च झाला, तो कोणत्या प्रभागांत झाला, आणि आपल्या वस्तीतले समाजमंदिर कोणाच्या ताब्यात आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा डोळे उघडणारे असते. लोकांच्या पैशातून बांधलेल्या वास्तूची किल्ली एका माणसाच्या खिशात असेल, तर ती मुलांसाठी मागून घेणे हेही शिबिराच्या तयारीचेच काम आहे.

या आठवड्यात एवढे करा. वस्तीतल्या सहा ते चौदा वयाच्या मुलांची यादी करा. जवळचे ग्रंथालय, मैदान आणि विहार इथे जाऊन वेळा लिहून आणा. ती माहिती एका पानावर लिहून विहाराच्या फळ्यावर लावा. यादीतल्या किती मुलांची सोय त्यात होते ते मोजा. उरलेल्या मुलांसाठी दहा सकाळी तुम्ही देऊ शकता का, एवढेच मग ठरवायचे राहील.

जय भीम! नमो बुद्धाय!